बोलणाऱ्या पेटीचा पंचनामा

सोमवार, सायंकाळ. 'बोलणाऱ्या पेटीनं शहर हादरलं' ही ओळ लाल पट्टीवर अखंड चालवण्यात आली. जबाबदार : एक मराठी वृत्तवाहिनी व तिचे संपादक.

मंगळवार, दुपार. एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढून 'लुगड्याआडचं गूढ काय?' असा प्रश्न दिवसभर विचारण्यात आला. जबाबदार : तेच.

बुधवार, सायंकाळ. 'अजिंठ्याच्या डोंगरात काय शिजतंय?' या विषयावर चार तज्ज्ञ बसवून चर्चा घडवण्यात आली. चौघांपैकी एकानेही त्या भागात साधा फोन केलेला नव्हता. जबाबदार : तेच, अधिक चार तज्ज्ञ.

गुरुवार, सकाळ. त्या स्त्रीची चित्रफीत 'सावध राहा' एवढे शब्द जोडून मोबाइलवरून पुढे पाठवण्यात आली. जबाबदार : या शहरातील एक सेवानिवृत्त न्यायालयीन कर्मचारी. त्याची ओळख पुढे येईल.

शुक्रवार. एका खेड्यातील शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाईस 'तूर्त येऊ नका' असे सांगण्यात आले. जबाबदार : वरील सर्व.

शनिवार. वाहिनीने विषय बदलला. दुरुस्ती नाही, खुलासा नाही, दिलगिरी नाही.

तारखा मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना उत्तर द्यावयाचे आहे त्यांच्याकडे त्या असल्याच पाहिजेत. आणखी एक गोष्ट आरंभीच नमूद करतो. हा वारांचा तक्ता मूळचा माझा नाही. मी सेवानिवृत्तीनंतरची सारी वर्षे संपादकांस पत्रे लिहिण्यात घालवली. त्या पत्रांत विशेषणे पुष्कळ असत आणि वार क्वचित असे. तक्ता करावयास मला ज्याने शिकवले, त्या माणसाविषयी हे लिहीत आहे.

तो आमच्या न्यायालयात बेलिफ होता. समन्स बजावणे, जप्ती करणे, ताबा देणे ही त्याची कामे. मी त्याच कचेरीत अधीक्षक होतो, म्हणजे हुद्द्याने त्याचा वरिष्ठ. निवृत्तीनंतर आम्ही दोघे एकाच सार्वजनिक वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे वाचू लागलो आणि तेथे ही वरिष्ठता पंधरवडाभरही टिकली नाही. सर्वजण त्याला बेलिफसाहेब म्हणत, मीही म्हणू लागलो. तो मला अखेरपर्यंत 'साहेब' म्हणत राहिला, परंतु ज्या सुरात म्हणे त्यात आज्ञाधारकपणाचा अंश नसे.

मूळ वैजापूर तालुक्यातील शेतकरी घराणे. उंची बेताची, मिशा पांढऱ्या व कात्रीने सरळ रेषेत कापलेल्या. सदऱ्याच्या खिशात नोकरीच्या काळातील कापडी मापपट्टी. वर्तमानपत्र वाचण्यापूर्वी तो ती मेजावर ठेवी, जसे दुसरे कोणी चष्म्याचे घर ठेवील. मग मोठ्या मथळ्यावर बोट ठेवून तो विचारी, "हे कोणी पाह्यलं?"

समोरचा गडबडे. "पेपरात आलंय, बेलिफसाहेब."

"आलंय ते दिसतंय मला. पाह्यलं कोणी? वय किती, धंदा काय, राहणार कुठला?"

'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द दिसले की तो पेन्सिलीने समासात लिही : 'सूत्र, बापाचं नाव नाही, पत्ता नाही, सही नाही.' 'खळबळ' या शब्दापुढे तो 'किती?' असे लिही. वाचनालयाच्या प्रती अशा रंगवू नयेत म्हणून ग्रंथपालांनी त्याला दोनदा लेखी समज दिली होती. त्याने दोन्ही समजपत्रांवर 'मिळाले' म्हणून सही केली, वेळ घातली, आणि रंगवणे चालू ठेवले.

एकदा एका दैनिकाने एका अफवेवरून 'शहरात भीतीचं सावट' असा आठ स्तंभी मथळा दिला. बेलिफसाहेब उठला आणि मला म्हणाला, "चला साहेब, सावट बघून येऊ." आम्ही शहागंजच्या बाजारात गेलो. भाजीवाले, घड्याळवाले, पावाची गाडी लावणारा, सर्वांना त्याने विचारले, "भ्यालात का तुमी?" पाववाल्याने मान वर न करता म्हटले, "किसकू डरना? बीवी मैके गई है." बेलिफसाहेबाने हे नोंदवले. कोथिंबीर निवडणारी एक बाई म्हणाली, "भिऊन बसलं तर ही जुडी कोण घेईन? तुमी घेता का?" त्याने जुडी घेतली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फळ्यावर, जेथे सुविचार लिहिण्याची पद्धत होती, त्याच्या वळणदार अक्षरात मजकूर होता : 'पंचांनी समक्ष पाहणी केली. सावट आढळून आले नाही. कोथिंबीर स्वस्त आहे.'

मी त्याला त्या वेळी विक्षिप्त समजत असे. माझा मार्ग प्रतिष्ठित आहे, असा माझा समज होता. मी संपादकांना कायद्याच्या कलमांसह पत्रे लिहीत असे. पाठवण्यापूर्वी एखादे त्याला दाखवले तर तो संपूर्ण वाची, घडी घालून परत देई आणि म्हणे, "राग लई आहे साहेब. माप नाय."

आता त्या आठवड्याकडे येतो. सीमेवरील तणावामुळे वातावरण तापलेले होते. भोंगे वाजवून सराव घेतले जात होते आणि बेवारस वस्तूस हात लावू नये अशा सूचना बसस्थानकावर दर थोड्या वेळाने दिल्या जात होत्या. त्या सूचना योग्य होत्या. पोलीस, वाहक, चालक यांनी आपले काम चोख केले, हे मी येथे स्पष्ट नोंदवतो.

घडले ते असे. अजिंठ्याजवळच्या एका खेड्यातील कौसाबाई नावाची साठीची स्त्री सोमवारी शहरात आली. शाळेतील मुलांना दुपारचे जेवण शिजवून देणे हे तिचे काम, आणि घरची थोडी मक्याची शेती. मक्यात रानडुकरे येतात. त्यांना पळवण्यासाठी शेतकरी अलीकडे एक यंत्र ठेवतात. लाकडी पेटीत मोटारसायकलची बॅटरी, एक कर्णा आणि ठरावीक वेळाने आपोआप चालू होणारा, आधी भरून ठेवलेला आवाज. कौसाबाईच्या पेटीत तिचाच आवाज होता, सोबत थाळी बडवल्याचा. पेटी बिघडली म्हणून तिने शहागंजातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ती नीट करून घेतली आणि परतीसाठी बसस्थानकावर आली.

पुढची चूक आपल्याकडे सर्वजण रोज करतात. गाडी फलाटाला लागताच लोक धावले, तीही धावली. दाराशी झुंबड पाहून तिने, आपण जसा रुमाल किंवा पिशवी टाकतो तशी, ती पेटी खिडकीतून सीटवर ठेवून जागा धरली आणि वळसा घालून दाराकडे गेली. पाटी वाचली तेव्हा कळले की गाडी वैजापूरची आहे. ती मागे फिरून खिडकीशी पोहोचेपर्यंत गाडी निघाली होती. तिने हात केले, हाका मारल्या. फलाटावर इतकेजण हात करत असताना तिचाच हात कोणाला दिसणार?

शहराच्या कडेचे पडेगाव ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली आणि पेटीने तोंड उघडले. "हाऽऽड! आलं का परत? थांब, येतेच मी!" मागोमाग थाळी. वाहकाने गाडी थांबवून सर्वांना खाली उतरवले व पोलिसांना कळवले. बॉम्बशोधक पथक आले, तपासणी झाली, आणि दिवस मावळण्यापूर्वी पेटी निर्धोक असल्याचे सांगण्यात आले. मंगळवारी सकाळी कौसाबाई स्वतःच आपली पेटी शोधत पोलिसांकडे गेली. तिचा जबाब झाला, तिला चहा मिळाला, पेटी मिळाली, आणि ती घरी गेली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले.

वाहिनीच्या दृष्टीने ते तेथे सुरू झाले. फलाटावर कोणी तरी सहज घेतलेल्या चित्रीकरणात खिडकीतून पेटी ठेवणारी कौसाबाई सापडली होती. ती दोन क्षणांची हालचाल दिवसभर पुन्हा पुन्हा, संथ गतीने, भीतिदायक संगीतासह दाखवण्यात आली. बाण काढले गेले. 'थांब, येतेच मी' हे तिचे शब्द 'धमकी कोणाला?' या ओळीखाली ऐकवण्यात आले. ती डुकरांना होती, हे तोवर पोलिसांच्या कागदावर आलेले होते.

शुक्रवारी बेलिफसाहेबाने शहागंजातील त्या रेडिओवाल्याला गाठले. मी सोबत होतो. पेटी त्याच्याकडची, ही चर्चा बाजारात होतीच. तो गृहस्थ हातातला, तारांना डाग देऊन जोडण्याचा तापता खिळा खाली न ठेवता म्हणाला, "मैंइच बनाया बेलिफसाब. सुवर भगाने की मशीन है. बटन बंद करके देना था, चालू रह गया. मेरी गलती."

"चॅनलवाले आले होते का तुमच्याकडं?"

"दुकान के सामने खडे रहके शूटिंग करे. पूछे किच नै."

"किती लांब उभे होते?"

तो हसला. बेलिफसाहेबाने मापपट्टी काढली. रेडिओवाल्याने दाखवलेल्या जागेपासून दुकानाच्या फळीपर्यंत त्याने ती धरली, दुसरे टोक मला धरावयास लावले, आणि वहीत लिहिले : 'विचारण्यासाठी चालावयाचे अंतर, सहा पावले. चालले नाहीत.'

रविवारी तो एकटाच एसटीने त्या खेड्यास गेला. सोमवारी सकाळी मी वाचनालयात माझ्या नव्या पत्राचा मसुदा घेऊन बसलो होतो. संतापाने लिहिलेले, पत्रकारितेच्या अधःपाताविषयीचे ते पत्र मला फार साधले आहे असे वाटत होते. तो आला, मापपट्टी मेजावर ठेवली, वही उघडली.

"बाईचं काम गेलं, साहेब," तो म्हणाला. "चॅनलवर विचारत होते ना, काय शिजतंय म्हणून. खिचडी शिजत होती. आता तीबी शिजत नाय. दुसरी बाई यायची तवा येईल, पोरं घरून डबे आणतात."

"कोणी काढलं तिला?"

"शाळेच्या समितीनं. अध्यक्ष म्हणतो, काढलं नाय, थांबवलं. मी म्हटलं, चॅनल बघून थांबवलं का? तर म्हणे, आमच्याकडं चॅनल कोण बघतं, मोबाइलवर आलं. दाखवा म्हटलं. दाखवलं त्यानं." त्याने वहीच्या पानावर बोट ठेवले आणि सावकाश वाचू लागला. "अध्यक्षाला पाठवलं त्याच्या मेव्हण्यानं. मेव्हणा राहणार इथलाच, निवृत्त मास्तर. मास्तराला काल संध्याकाळी घरी जाऊन भेटलो. त्याला आलं ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर. गुरुवारी सकाळी. खाली लिहिलेलं होतं, सावध राहा."

मेजाभोवती स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पाच-सहा मुले-मुली वाचत होती, त्यांनी माना वर केल्या होत्या.

"मास्तर म्हणाला, साहेबांनी पाठवलं म्हंजी खरंच असणार. कोर्टातला माणूस."

मी माझा मसुदा पालथा घातला. मी बचाव केला नाही असे नाही. मी म्हणालो की हेतू शुद्ध होता, काळ तसा होता, सावध राहा म्हणण्यात बदनामी कोठे येते. न्यायालयात अनेकांना असे बोलताना मी ऐकलेले होते आणि त्यांची कीवही केलेली होती.

"तुमी पाह्यलं होतं का, साहेब?" त्याने एवढेच विचारले.

"नाही."

"मग लिहितो." आणि त्याने माझे नाव, वय, धंदा, राहणार, सर्व रीतसर लिहिले आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. माझ्या नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. जबाब देणाऱ्याच्या जागी केलेली ही पहिलीच.

त्याच आठवड्यात आम्ही दोघे त्या गावास गेलो. वाटेत त्याने मला केवळ एक सूचना केली. "भाषण करू नका. झालं तेवढं सांगा." शाळेच्या ओट्यावर समितीचे लोक, शिक्षक, पालक जमले होते. पोरे खिडक्यांतून पाहत होती. कौसाबाई खाली, पायरीच्या कडेला, डोक्यावरचा पदर नीट करत बसलेली होती. बेलिफसाहेबाने पंचनामा वाचला : फलाट, खिडकीची जमिनीपासूनची उंची, गाडीची पाटी कोणत्या बाजूस होती, पेटीत काय होते, रेडिओवाल्याचा जबाब, पोलिसांनी पेटी परत दिल्याची पोच. एकही विशेषण नव्हते. नंतर मी उभा राहिलो आणि सांगितले की ही चित्रफीत मी न पाहिलेल्या गोष्टीची होती, मी ती पाठवली, माझे पाठवणे चुकीचे होते, आणि या बाईंची मी सर्वांसमक्ष क्षमा मागतो.

मग कौसाबाई म्हणाली, "एवढ्या लांबून आले व्हय हे सांगाया? बसा की. उन्हात काहून उभे राहिले?" आणि क्षणभराने, सर्वांकडे पाहत, "त्या पेटीला डुकरं काय भेत नव्हती, भाऊ. माणसं मात्र लई पळाली." ओटा हसला. अध्यक्षही हसला, आणि हसल्यामुळे पुढील बोलणे त्याला सोपे झाले.

"आम्ही काढलं नव्हतंच मावशीला. थांबवलं होतं."

"असू द्या," बेलिफसाहेब म्हणाला. "कधीपासून थांबवलं ते लिहा. कधीपासून परत, तेबी लिहा. खाली सही."

त्याने तेथल्या तेथे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी कौसाबाईने चूल पेटवली. आम्ही तोवर परतलो होतो, परंतु मुख्याध्यापकांनी फोन करून कळवले की त्या दिवशी पोरांनी तिसऱ्यांदा वाढून घेतले.

मला वाटले, संपले. बेलिफसाहेब म्हणाला, "बजावणी राह्यली."

त्याने पंचनाम्याची स्वच्छ प्रत केली, तिच्याखाली तीन प्रश्न लिहिले, आणि आम्ही वाहिनीच्या स्थानिक कार्यालयात गेलो. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर काचेचे दार. आतील मुलगी नम्र होती. ती म्हणाली, "सर, इथं आम्ही काही घेत नाही. मेल करा ना."

"घेत नाय हे लिहून देता का?"

"तसंही नाही देता येत, सर."

त्याने मान हलवली. पिशवीतून खळीची बाटली काढली. समन्स घेण्यास कोणी नकार दिल्यास ते दोन पंचांसमक्ष दारास डकवणे ही त्याच्या आयुष्याची कला होती. मी कुजबुजलो, "बेलिफसाहेब, आपण आता नोकरीत नाही. हे न्यायालयाचे समन्स नाही. या डकवण्याला कायद्याने काही अर्थ नाही."

"ठाऊक हाय साहेब. कायद्यानं नसंल." तो चारी कोपऱ्यांना खळ लावत होता. "पर चिकटलं तर चांगलं ना?"

पंच क्रमांक एक मी झालो. पंच क्रमांक दोन, खालच्या टपरीचा चहावाला. त्याने सही करण्यापूर्वी सर्व मजकूर वाचला, म्हणाला, "बराबर आहे," आणि आम्हाला चहा पाजला. कागद काचेवर सरळ बसला होता. बेलिफसाहेबाने मापपट्टीने दोन्ही बाजूंचे अंतर पाहून घेतले होते.

वाहिनीने उत्तर दिले नाही. परंतु तो कागद कोणी तरी वाचला असावा, कारण एका छोट्या स्थानिक दैनिकाने पुढील आठवड्यात आतल्या पानावर कौसाबाईची बातमी दिली, तिचे नाव शुद्ध लिहिले, आणि लिहिणारा वार्ताहर गावी जाऊन आला होता. बेलिफसाहेबाने ती बातमी दोनदा वाचली, पेन्सिल उचलली, आणि समासात काहीच न लिहिता ती खाली ठेवली. त्याने कोणाची केलेली अशी प्रशंसा मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो वैजापूरला, मुलीकडे असताना, वारला. मापपट्टी त्याने आधीच वाचनालयास देऊन पोच घेतली होती. तेथील स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींनी आता एक रीत पाडली आहे. सकाळी सर्वांत मोठा मथळा फळ्यावर लिहायचा आणि खाली चार रकाने आखायचे : कोणी पाहिले, कोठून, केव्हा, सही. बहुतेक दिवशी रकाने रिकामे राहतात. ग्रंथपालांनी त्यास हरकत घेतलेली नाही. ते स्वतः खडू आणून देतात. ही मुले उद्या तहसील कचेऱ्यांत, पोलीस ठाण्यांत, कदाचित वृत्तवाहिन्यांतही बसतील. माझा राग अजून गेलेला नाही, परंतु तो फळा पाहून बाहेर पडताना मी पूर्वीपेक्षा हलका असतो.

आता संपादक महोदयांस. आपल्या दारावर डकवलेल्या कागदातील तीन प्रश्न येथे पुन्हा लिहितो. पेटी निर्धोक असल्याचे आपणास केव्हा कळले? ते कळल्यानंतरही त्या स्त्रीच्या चेहऱ्याभोवतीचे वर्तुळ कोणाच्या सांगण्यावरून कायम ठेवले? आणि ज्या पडद्यावर तीन दिवस तिच्याविषयी विचारलेत, त्याच पडद्यावर, तेवढाच वेळ, तिचे नाव स्वच्छ करणार आहात की नाही?

डकवणारा आज हयात नाही. पंच क्रमांक एक आहे, आणि बोलावाल तेथे साक्षीस येईल. कागद मिळाला नाही, हा बचाव आपणास उपलब्ध नाही. माझे उत्तर मी शाळेच्या ओट्यावर, उन्हात, सर्वांसमक्ष देऊन आलो आहे. आपले उत्तर जाहीरपणे द्यावे.